क्लाउडस्टॅकमध्ये तिसरा केव्हीएम होस्ट जोडताना नेमके कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अपाची क्लाउडस्टॅक ४.१९ (स्वतःचा क्लाउड चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) वर खासगी क्लाउड चालू आहे. उबुंटू २२.०४ चे दोन केव्हीएम होस्ट (लिनक्सच्या केव्हीएम सोयीने आभासी यंत्रे, म्हणजे व्हीएम, चालवणारी यंत्रे) वर्षभर विनातक्रार चालले आहेत. त्याच क्लस्टरमध्ये (होस्टांच्या गटात) तिसरे नवे यंत्र जोडायला गेल्यावर पडद्यावरचे चक्र पाच-सहा मिनिटे फिरत राहते आणि शेवटी ‘या पत्त्यावर सर्व्हर सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. सगळ्या होस्टांना सांभाळणाऱ्या मॅनेजमेंट सर्व्हरवरून नव्या यंत्राला पिंग जाते, एसएसएचने (दूरवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) रूट म्हणून आत जाता येते, पासवर्ड बरोबर आहे. एजंटची, म्हणजे नव्या यंत्रावरून मॅनेजमेंट सर्व्हरशी बोलणाऱ्या क्लाउडस्टॅकच्या प्रोग्रॅमची, सेवा ‘चालू’ दिसते, पण दर काही सेकंदांनी तिचा प्रोसेस क्रमांक बदलतो. प्रश्नकर्त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आहे: नव्या यंत्राचे नेटवर्क कार्ड वेगळ्या कंपनीचे असल्यामुळे त्याचे लांबलचक नाव बदलून त्यांनी सुटसुटीत ‘लॅन०’ असे ठेवले. या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येणारच आहे, कारण माझा सर्वांत जास्त संशय तिथेच आहे.

आधी एक समजूत दूर करतो. ‘सर्व्हर सापडत नाही’ या संदेशाचा सर्व्हर सापडण्या-न सापडण्याशी फारसा संबंध नाही. होस्ट जोडण्याची क्रिया चार टप्प्यांत होते आणि शेवटच्या टप्प्यानंतर हाती काही लागले नाही, तर क्लाउडस्टॅक हा एकच संदेश पुढे करतो. पहिल्या टप्प्यात मॅनेजमेंट सर्व्हर एसएसएचने नव्या यंत्रावर जातो आणि तिथे केव्हीएमची उपकरण-फाइल आहे का ते पाहतो. दुसऱ्या टप्प्यात तो तिथेच एजंटसाठी प्रमाणपत्रे ठेवतो आणि एजंट बसवणारी स्क्रिप्ट चालवतो. तिच्यासोबत झोन, पॉड, क्लस्टर (क्लाउडचे मोठ्याकडून लहानाकडे जाणारे विभाग), मॅनेजमेंट सर्व्हरचा पत्ता आणि ब्रिजांची (खरे नेटवर्क कार्ड आणि व्हीएमांची आभासी कार्डे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या स्विचांची) नावे पाठवली जातात. तिसऱ्या टप्प्यात दिशा उलटते. आता मॅनेजमेंट सर्व्हर काहीच करत नाही, तो वाट पाहतो, आणि नव्या यंत्रावरचा एजंट ८२५० या पोर्टवर स्वतःहून त्याच्याकडे यायचा असतो. एजंट आल्यानंतर चौथ्या टप्प्यात त्या क्लस्टरची प्रायमरी स्टोरेज (व्हीएमांच्या डिस्क ठेवण्याची जागा) नव्या यंत्रावर जोडली जाते.

आपण केलेल्या सगळ्या तपासण्या, म्हणजे पिंग, एसएसएच आणि पासवर्ड, या पहिल्या टप्प्याच्या आहेत आणि एकाच दिशेच्या आहेत. मॅनेजमेंट सर्व्हर होस्टपर्यंत पोहोचतो एवढेच त्यांतून सिद्ध होते. होस्ट मॅनेजमेंट सर्व्हरपर्यंत पोहोचतो का, हे अजून कोणी पाहिलेले नाही.

कोणता टप्पा अडला हे ओळखण्यासाठी लॉग उघडण्याआधी घड्याळाकडे पाहावे. केव्हीएम होस्ट शोधणारा जो भाग क्लाउडस्टॅकमध्ये आहे, तो स्क्रिप्ट पार पडल्यावर दर ३० सेकंदांनी ‘हा होस्ट आला का’ असे विचारतो आणि ५ मिनिटे विचारत राहतो. त्यानंतर ‘वेळ संपली, जोडणी फसली असे धरतो’ अशा आशयाची एक ओळ तो मॅनेजमेंट सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितो. त्यामुळे चूक काही सेकंदांत आली, तर पहिला किंवा दुसरा टप्पा अडला असे समजावे. चूक पाच मिनिटांनी आली, तर स्क्रिप्ट पार पडली पण एजंट परत आला नाही. आणि पाच मिनिटांनंतर होस्ट यादीत आला खरा, पण ‘अ‍ॅलर्ट’ या लाल अवस्थेत, तर एजंट पोहोचला आणि पुढे बहुधा स्टोरेजपाशी अडखळला. आपले चक्र पाच-सहा मिनिटे फिरते आणि यादीत काहीच येत नाही. म्हणजे अडचण तिसऱ्या टप्प्यात आहे.

तरीही पहिल्या टप्प्याबद्दल दोन वाक्ये लिहून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची चूक लगेच येत असेल. आपण टर्मिनलवरून एसएसएच करतो तेव्हा लिनक्सचा नेहमीचा क्लायंट वापरला जातो, तर क्लाउडस्टॅक मात्र जावामधली स्वतंत्र एसएसएच लायब्ररी वापरतो, त्यामुळे ‘मला आत जाता येते’ यावरून ‘त्यालाही जाता येते’ असा निष्कर्ष निघत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या आपोआप नाकारल्या जातात आणि उबुंटू २२.०४ मध्ये ८.९ ही आवृत्ती आहे, म्हणून किल्लीने प्रवेश देत असाल तर एसएसएच सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणता अल्गोरिदम नाकारला गेला ते पाहावे. पासवर्डने प्रवेश देत असाल तर मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये रूटला परवानगी दिली एवढ्यावर थांबू नये. उबुंटूत त्या फाइलच्या सुरुवातीलाच एका उपफोल्डरातल्या फाइली आत ओढल्या जातात, क्लाउड-इनिटने (यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मांडणी करणाऱ्या साधनाने) तिथे ‘पासवर्ड चालणार नाही’ अशी ओळ ठेवलेली असू शकते, आणि एसएसएच सर्व्हर एखाद्या सेटिंगची आधी वाचलेली किंमतच धरतो, नंतरची नाही. शेवटी लागू झालेली किंमत पाहायची असेल तर एसएसएच सर्व्हरला मोठ्या ‘टी’च्या पर्यायाने चालवावे, तो सगळी सेटिंगे छापून देतो.

केव्हीएमची उपकरण-फाइल नसेल तर बायोसमध्ये व्हीटी किंवा एसव्हीएम (प्रोसेसरमधली आभासी यंत्रे चालवण्याची सोय) बंद आहे, किंवा आपण आभासी यंत्राच्या आत होस्ट उभारत आहात आणि खालच्या यंत्रावर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन सुरू केलेले नाही. हे इतके सरळ आहे की यावर अधिक लिहित नाही.

आता तिसरा टप्पा. मी हा टप्पा तपासतो तेव्हा सर्वांत आधी ग्लोबल सेटिंग्जमधली ‘होस्ट’ या एकाच शब्दाच्या नावाची किंमत पाहतो. नाव इतके साधे आहे की अनेकांचे तिकडे लक्षच जात नाही. मॅनेजमेंट सर्व्हरचा जो पत्ता एजंटला सांगितला जातो तो हाच. तो १२७.०.०.१ असेल, किंवा मॅनेजमेंट सर्व्हरला दोन-तीन कार्डे असून त्यांपैकी भलत्याच कार्डाचा असेल, तर एजंट इमानेइतबारे त्या चुकीच्या पत्त्यावर धडका मारत बसतो. मी पाहिलेल्या एका उभारणीत मॅनेजमेंट सर्व्हरवर कोणीतरी मॉनिटरिंगसाठी डॉकर बसवले होते आणि या सेटिंगमध्ये १७२.१७.०.१ हा डॉकरच्या अंतर्गत ब्रिजचा पत्ता येऊन बसला होता. गंमत अशी की नव्या होस्टवरही डॉकर होते, त्यामुळे तो पत्ता त्याचा स्वतःचाच निघाला. एजंट स्वतःच्याच दारावर थाप मारत होता आणि ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर मिळवत होता. आम्ही दोघे जण फायरवॉल उलटसुलट करत अर्धा दिवस घालवला होता.

‘जुने दोन होस्ट चालतात, म्हणजे हा पत्ता बरोबरच असणार’ हा युक्तिवाद टिकत नाही. जुने एजंट आपली आधीची जोडणी धरून असतात, आणि पत्ता चुकीचा झाला तरी पुढच्या वेळी नव्याने जोडायची पाळी येईपर्यंत तो उघडा पडत नाही. म्हणून किंमत प्रत्यक्ष पाहावी, दुरुस्त करायची झाली तर केल्यावर मॅनेजमेंट सर्व्हरची सेवा पुन्हा सुरू करावी, आणि मग नव्या यंत्रावर एजंटची प्रॉपर्टीज फाइल उघडून तिथे कोणता पत्ता उतरला आहे ते ताडून पाहावे. त्या पत्त्यापुढे ‘@’ ही खूण आणि ‘स्टॅटिक’ असा शब्द दिसला तर दचकू नये. एकापेक्षा अधिक मॅनेजमेंट सर्व्हर असतील तर एजंटांची वाटणी कशी करायची, त्या पद्धतीचे ते नाव आहे.

यानंतर नव्या यंत्रावरून, पुन्हा सांगतो, नव्या यंत्रावरून, नेटकॅटने (पोर्ट उघडा आहे का ते पाहणाऱ्या साधनाने) मॅनेजमेंट सर्व्हरच्या ८२५० पोर्टला हात लावून पाहावा. उत्तर लगेच ‘नाकारले’ असे आले, तर तिथे ऐकणारे कोणी नाही किंवा पत्ता चुकला आहे. उत्तर न येता नुसतीच वाट पाहावी लागली, तर मधे फायरवॉल आहे आणि तो पाकिटे गुपचूप टाकून देतो आहे. या दोन उत्तरांतला फरक फार उपयोगी आहे, कारण पहिल्यासाठी सेटिंगकडे जायचे असते आणि दुसऱ्यासाठी नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे.

परंतु आपल्या बाबतीत एजंटचा प्रोसेस क्रमांक दर काही सेकंदांनी बदलतो आहे. हे लक्षण पत्त्याच्या चुकीचे नाही. पत्ता चुकला असता तर एजंट जिवंत राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसला असता. इथे तो उठतो, स्वतःची जुळवाजुळव करू पाहतो, काहीतरी न पटल्यामुळे मरतो, आणि सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) त्याला पुन्हा उठवते. अशा वेळी सेवेची अवस्था विचारली तर नेमक्या त्या क्षणी ती ‘चालू’ असते, म्हणून तो शब्द फसवा आहे. खरे कारण व्हार, लॉग, क्लाउडस्टॅक, एजंट या फोल्डरातल्या एजंट लॉगमध्येच मिळेल. शेजारीच सेटअप नावाचा दुसरा लॉग असतो. त्यात नेटवर्क, लिबव्हर्ट (होस्टवरच्या व्हीएम सांभाळणारी सेवा), फायरवॉल अशा एकेका गोष्टीपुढे ‘ओके’ लिहिलेले असेल तर दुसरा टप्पा नीट पार पडला असे धरून पुढे जावे.

एजंट लॉगमध्ये ‘प्रायव्हेट निकचे नाव मिळाले नाही’ (निक म्हणजे नेटवर्क कार्ड) अशा अर्थाची चूक आहे का ते शोधा. माझ्या अंदाजाप्रमाणे ती सापडेल. ती सापडल्यावर तिथेच न थांबता दोन-चार ओळी वर जावे, कारण मूळ कारण वर लिहिलेले असते आणि ते दोन प्रकारचे असू शकते.

पहिला प्रकार: अमुक ब्रिजवरून भौतिक कार्ड मिळत नाही, अमुक फोल्डर अस्तित्वात आहे का, असा प्रश्न लॉगमध्ये दिसतो. याचा अर्थ त्या नावाचा ब्रिजच यंत्रावर नाही. क्लाउडस्टॅकमध्ये झोनच्या भौतिक नेटवर्कवर प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला एक केव्हीएम लेबल दिलेले असते, उदाहरणार्थ व्यवस्थापनासाठी क्लाउडबीआर० आणि पाहुण्या व्हीएमांसाठी क्लाउडबीआर१, आणि नव्या यंत्रावर नेमक्या त्याच नावाचे ब्रिज असावे लागतात. शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टंकल्याचे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. पहिले दोन होस्ट उभारणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली असेल आणि ब्रिजांची नावे तिने स्वतःच्या पद्धतीने ठेवली असतील, तर कागदपत्रांतली नमुना नावे वापरून उपयोग नाही. जुन्या होस्टवर जाऊन नावे पाहावीत.

दुसरा प्रकार अधिक खोडसाळ आहे आणि मला वाटते आपण त्यातच सापडला आहात. लॉगमध्ये असे लिहिलेले असते की ब्रिज आहे, पण त्याच्या फोल्डरात ईटीएच, बाँड, टीम, व्हीलॅन, ईएम, ईएनएस, ईएनओ, ईएनपी, ईएनएक्स अशा अक्षरांनी सुरू होणारे काहीही आढळले नाही. एजंट ब्रिजमध्ये गुंतवलेल्या कार्डांची नावे एका ठरावीक यादीशी पडताळून पाहतो. ज्या कार्डाचे नाव त्या यादीतल्या नमुन्यांत बसते, त्यालाच तो खरे भौतिक कार्ड मानतो. हे त्याला करावे लागते, कारण त्याच ब्रिजमध्ये पुढे व्हीएमांची आभासी कार्डेही येऊन बसणार असतात आणि त्यांतून बाहेरच्या जगाकडे जाणारे कार्ड कोणते, हे त्याला नावावरूनच ओळखायचे असते. आपण कार्डाचे नाव ‘लॅन०’ केले. ते ब्रिजमध्ये आहे, त्यावरून पिंग जाते, एसएसएच चालते, लिनक्सची काहीच तक्रार नाही, पण एजंटच्या यादीत ‘लॅन’ हा शब्द नाही. म्हणून त्याच्या दृष्टीने ब्रिजला बाहेरचे कार्डच नाही.

उपाय दोन आहेत. नेटप्लॅनच्या (उबुंटूतल्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये कार्डाचा मॅक पत्ता देऊन त्याला ‘ईटीएच०’ किंवा मूळचे ईएनपी नाव परत द्यावे, किंवा नाव ‘लॅन०’च ठेवून त्या एकाच कार्डाचा ‘बाँड०’ (एक किंवा अनेक कार्डे एकत्र धरणारे आभासी कार्ड) बनवावा आणि ब्रिजमध्ये बाँड गुंतवावा. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण उद्या दुसरे कार्ड जोडून दुहेरी वाट करायची झाली तर ब्रिजला हात लावावा लागत नाही. मात्र हा बदल करताना यंत्राचा मुख्य पत्ता ब्रिजवर आहे, कार्डावर नाही, याची खात्री करावी. पत्ता दोन्हीकडे राहिला तर नेटवर्क कधी चालते, कधी नाही, आणि मग भलतीकडेच शोध सुरू होतो.

इथे एक सावधगिरी. नेटप्लॅनची ‘ट्राय’ ही आज्ञा १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर जुनी मांडणी परत आणते, म्हणून लोक तिच्या भरवशावर दूरवरून बदल करतात. पण ब्रिज किंवा बाँडवर खास सेटिंगे दिलेली असतील तर ती परत फिरवता येत नाहीत, आणि तसे ती आज्ञा स्वतःच सांगते. म्हणून आयपीएमआयचा (नेटवर्क तुटले तरी यंत्र दूरून हाताळू देणाऱ्या सोयीचा) कन्सोल दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवल्याशिवाय या फाइलला हात लावू नये. रात्री अकरा वाजता दुचाकी काढून डेटासेंटर गाठण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे, तेवढा पुरे आहे.

कार्डाचे नाव सुधारून एजंट पुन्हा सुरू केल्यावरही तो मरत असेल, तर पुढचा संशय लिबव्हर्टवर. लॉगमध्ये लिबव्हर्टच्या सॉकेटशी (जोडणीच्या दाराशी) जोडता आले नाही, तशी फाइलच नाही, असे दिसेल. क्लाउडस्टॅकला लिबव्हर्टची सेवा ‘ऐकण्याच्या’ पर्यायासह सुरू झालेली हवी असते, म्हणजे एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर व्हीएम हलवता येतात. पण अलीकडच्या लिबव्हर्टमध्ये सिस्टमडीचे सॉकेट आधी उभे राहतात आणि सेवा मागून उठते. ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत. ऐकण्याचा पर्याय सिस्टमडीच्या सॉकेटांबरोबर चालणार नाही, असे सांगून लिबव्हर्ट उठण्यासच नकार देतो. उपाय असा की लिबव्हर्टची पाचही सॉकेटे, म्हणजे मुख्य, वाचनापुरते, व्यवस्थापकीय, टीएलएस आणि टीसीपी, मास्क करून टाकावीत (म्हणजे कोणालाच सुरू करता येणार नाहीत अशी बंद करावीत) आणि मग सेवा सुरू करावी. नुसते ‘डिसेबल’ पुरत नाही, कारण दुसरी एखादी सेवा त्यांना पुन्हा ओढून उठवते. आपल्या जुन्या होस्टांवर हे कोणीतरी आधीच केलेले असणार, तिथे सॉकेटांची अवस्था पाहून तशीच इथे करावी. रॉकी किंवा अल्मालिनक्सच्या नवव्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांनी एवढे आणखी पाहावे की तिथे लिबव्हर्टचे एकसंध रूप मागे पडून वेगवेगळ्या कामांच्या छोट्या सेवा पुढे आल्या आहेत. त्यांनाही बाजूला सारून जुनी एकसंध सेवा उठवावी लागते. अ‍ॅपआर्मर किंवा एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणांमुळे असे अडथळे क्वचितच येतात, पण क्लाउडस्टॅकच्या स्थापनेच्या सूचनांत लिबव्हर्टची अ‍ॅपआर्मर प्रोफाइले बंद करण्याची आणि एसईलिनक्स ‘परमिसिव्ह’ ठेवण्याची पायरी आहे, ती गाळू नये.

याच ठिकाणी एजंटच्या पॅकेजची आवृत्ती मॅनेजमेंट सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळते का तेही पाहून घ्यावे. नव्या यंत्रावर रिपॉझिटरी जोडताना लोक सहज ताजी आवृत्ती घेतात. ४.१९ पर्यंत जावा ११ वर काम भागत होते, ४.२० ला जावा १७ लागते, त्यामुळे चुकून ४.२० चा एजंट आला आणि यंत्रावर जावा ११ असले तर एजंट एक शब्दही न बोलता कोसळतो, आणि मग एजंट लॉगऐवजी सिस्टमडीचे जर्नल वाचावे लागते.

आपण ‘सात-आठ वेळा प्रयत्न केला’ असेही लिहिले आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा थोडाफार गाळ मागे राहतो आणि मूळ कारण दूर झाल्यावरही तो गाळ नवी चूक दाखवतो. क्लाउडस्टॅक होस्टची ओळख त्याच्या आयपी पत्त्यावरून तयार करतो. त्यामुळे आधीच्या एखाद्या प्रयत्नात अर्धवट नोंद झालेली असेल, तर तोच पत्ता पुन्हा देताना ‘हा आधीच डेटाबेसमध्ये आहे’ असे म्हणून त्याला वगळले जाते, आणि चूक या वेळी पाच मिनिटांनी न येता तत्काळ येते. अशी नोंद होस्टांच्या यादीत ‘डिस्कनेक्टेड’ किंवा ‘अ‍ॅलर्ट’ म्हणून दिसत असेल तर ती तिथूनच रीतसर काढावी. डेटाबेसमधल्या होस्टच्या टेबलात हात घालून ओळ खोडण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देत नाही, कारण त्या ओळीला क्षमतेच्या, तपशिलाच्या आणि स्टोरेजच्या टेबलांतल्या इतर ओळी चिकटलेल्या असतात आणि त्या अनाथ होतात.

नोंद काढल्यावर नव्या यंत्रावर एजंट थांबवावा, प्रॉपर्टीज फाइलची प्रत बाजूला ठेवून पॅकेजसोबत येणारी मूळ फाइल परत ठेवावी, आणि त्याच फोल्डरातल्या ‘क्लाउड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रमाणपत्रांच्या फाइली हलवून टाकाव्यात. ४.११ या आवृत्तीपासून एजंट आणि मॅनेजमेंट सर्व्हर यांच्यातले संभाषण प्रमाणपत्रांवर चालते. नव्याने उभारलेल्या क्लाउडमध्ये ही सक्ती मुळातच चालू असते, जुन्यावरून वर आणलेल्या क्लाउडमध्ये ती बंद असते, आणि त्यामुळे एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला येत नाही. दुसऱ्या चाचणी क्लाउडमधून उचलून आणलेल्या यंत्रावर जुनी प्रमाणपत्रे राहिली, तर ८२५० पोर्ट उघडा असतो, जोडणी होते, आणि हस्तांदोलनातच तुटते. नव्या मदरबोर्डचे घड्याळ काही वर्षे मागे असल्यानेही हेच घडते, म्हणून घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सेवा चालू आहे आणि तारीख बरोबर आहे, एवढे एकदा डोळ्यांनी पाहावे.

एजंट पोहोचला की पुढचा अडथळा स्टोरेजचा. हा आपल्याला अजून लागलेला नाही, पण लागण्याची शक्यता मोठी आहे, कारण तिसरा होस्ट हा बहुधा स्टोरेजच्या परवानगी-यादीत नसलेला पहिला होस्ट असतो. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याची पद्धत) सर्व्हरवर प्रायमरी स्टोरेज उघडी करताना पहिल्या दोन होस्टांचे पत्ते एकेक करून लिहिलेले असतील, तर तिसऱ्याला नकार मिळतो. मॅनेजमेंट सर्व्हरच्या लॉगमध्ये तेव्हा स्टोरेजवर लक्ष ठेवणारा भाग जोडणीत चूक असल्याचे सांगतो, आणि होस्ट यादीत येऊन ‘अ‍ॅलर्ट’मध्ये अडकतो. जोडण्याआधीच नव्या यंत्रावरून ती एनएफएस हाताने एका रिकाम्या फोल्डरावर जोडून, त्यात एक फाइल बनवून, पुसून पाहावी. नुसती जोडणी पुरेशी नाही, रूट म्हणून लिहिता आले पाहिजे. एनएफएसवर रूटला साधा वापरकर्ता मानण्याचे सेटिंग चालू असेल तर वाचता येते पण लिहिता येत नाही.

लिहिता येण्यावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. केव्हीएम होस्टचा एजंट एनएफएसच्या प्रायमरी स्टोरेजवर ठरावीक वेळाने आपल्या ‘हृदयाचा ठोका’ लिहीत असतो, आणि तो लिहिता आला नाही तर मूळ सेटिंगप्रमाणे होस्ट स्वतःलाच रीबूट करतो, म्हणजे तीच व्हीएम दोन ठिकाणी चालू राहून डिस्क खराब होऊ नये. हेतू चांगला आहे. पण डळमळीत केबलवर जोडलेला नवा होस्ट दर काही मिनिटांनी स्वतःहून बंद-चालू होताना पाहिला की लोक वीजपुरवठा तपासतात, रॅम बदलतात, आणि एजंट लॉगमधली ठोक्याची ओळ शेवटी वाचतात. प्रॉपर्टीज फाइलमध्ये हे रीबूट बंद करण्याचे सेटिंग आहे. तपासणीपुरते ते बंद करण्यास माझी हरकत नाही, मात्र त्या होस्टवर खऱ्या व्हीएम येण्याआधी ते परत चालू करावे.

क्लस्टरबद्दलही एक अट लक्षात ठेवावी. एका क्लस्टरमधले होस्ट एकसारखे असावेत अशी अपेक्षा आहे. उबुंटूच्या क्लस्टरमध्ये रॉकी लिनक्सचा होस्ट घालू पाहिला, तर आधीच्या होस्टची ओएस वेगळी आहे असे सांगून क्लाउडस्टॅक त्याला नाकारतो. आपल्याकडे तिन्ही उबुंटू आहेत, तेव्हा ही अडचण नाही. पण सीपीयू नव्या पिढीचा असेल, तर होस्ट जोडला जाईल आणि व्हीएम नव्यावरून जुन्यावर परत हलवताना मात्र अडेल. तसे असेल तर तिन्ही होस्टांच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये पाहुण्या व्हीएमांसाठी जुन्या सीपीयूच्या तोडीचे एकच मॉडेल ठरवून लिहावे, नाहीतर नव्या होस्टला त्याचा वेगळा क्लस्टर द्यावा.

एकूण क्रम असा ठेवावा: कन्सोल उघडा ठेवून कार्डाचे नाव सुधारणे किंवा बाँड बनवणे, जुनी नोंद आणि जुन्या फाइली काढणे, ‘होस्ट’ सेटिंग आणि ८२५० पोर्ट पाहणे, एनएफएसवर हाताने लिहून पाहणे, आणि मगच ‘होस्ट जोडा’ हे बटण दाबणे. बटण दाबताना दोन खिडक्यांत दोन्ही लॉग वाहते ठेवावेत, एकीकडे मॅनेजमेंट सर्व्हरचा, दुसरीकडे एजंटचा. कोणत्या क्षणी कोणता लॉग थांबला, यावरून वरच्या चारांपैकी कोणता टप्पा अडला ते दिसते.

होस्ट हिरवा झाल्यावर लगेच कामाच्या व्हीएम त्यावर सोडू नयेत. एक बिनमहत्त्वाची व्हीएम घेऊन ती चालू असताना जुन्या होस्टवरून नव्यावर आणि परत हलवून पाहावी. यासाठी होस्टांच्या आपसांत १६५०९ आणि १६५१४ ही लिबव्हर्टची पोर्टे आणि ४९१५२ पासून ४९२१६ पर्यंतची पोर्टे उघडी लागतात, आणि मॅनेजमेंट सर्व्हरशी यांचा संबंध नसल्यामुळे आतापर्यंतच्या कोणत्याही तपासणीत ती आलेली नाहीत. व्हीएम हलवताना ‘त्याच होस्टवर हलवण्याचा प्रयत्न’ अशी चमत्कारिक चूक आली, तर दोन्ही यंत्रांचा यूयूआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) एकच आहे. काही स्वस्त मदरबोर्डांवर कारखान्यातूनच तोच क्रमांक छापून येतो आणि लिबव्हर्ट तो खरा मानतो. अशा वेळी लिबव्हर्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये होस्ट-यूयूआयडीच्या ओळीत नवा क्रमांक बनवून लिहावा, आधी लिबव्हर्ट आणि मग एजंट पुन्हा सुरू करावा, आणि तीच व्हीएम पुन्हा हलवून पाहावी.